मागची रिकामी सीट

१९७३ साली आमच्या घरात पाच माणसं होती आणि आतून कडी लागेल असं दार एकच, न्हाणीघराचं. कडी लावून मी आत गेले रे गेले की बाहेरून संभाषण सुरू व्हायचं. सासूबाईंना साखरेचा डबा सापडायचा नाही, आमच्या ह्यांना डाव्या पायाचा मोजा, आणि दोघी मुलींपैकी कुणी कुणाला आधी चिमटा काढला ह्याचा निवाडा माझ्या डोळ्यांत साबण असतानाच व्हायला हवा असायचा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार ऐकायला समोर कुणीतरी लागतं, आणि ह्या वयात ती चैन राहिलेली नाही. सांगायचं एवढंच की माहेरी आम्ही खंडीभर भावंडं, तिथून उठले ती थेट सासरी; पस्तिशी उलटली तरी मी घटकाभर कुठे एकटी म्हणून नव्हते, आणि ह्यात काही राहून गेलंय हे माझ्या गावीही नव्हतं.

ते कळलं कचेरीत. गावाबाहेर एक फ्लाइंग क्लब होता, तिथे मी टायपिस्ट होते. फ्लाइंग क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भारी येतं, म्हणून सांगते: एक पत्र्याची शेड, तिच्यात दोन विमानं, एक गवताची धावपट्टी, आणि वारा कुठून येतो ते दाखवायला बांबूवर टांगलेली एक फाटकी कापडी पिशवी. शिकवायला एकच कप्तान. ते एके काळी मोठी विमानं चालवत, आता आमच्याकडे पोरांना शिकवत, आणि दोन्हींतलं अवघड काम कोणतं हे विचारलं की उत्तर न देता चहा मागवत.

विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने विमान न्यायचं असेल, तर कप्तानांनी त्याच्या उड्डाणांच्या वहीत तसं लिहून सही करावी लागे. मजकूर ठरलेला, म्हणून वहीत चिकटवायच्या त्याच्या चिठ्ठ्या मीच टाइप करून ठेवत असे: सदर विद्यार्थ्यास मी स्वतः शिकवले आहे, त्याची परीक्षा घेतली आहे, आणि अमुक जातीच्या विमानातून एकट्याने उड्डाण करण्यास तो पात्र आहे. वर्षानुवर्षं मी हे डोळे मिटून बडवत होते. एका दुपारी मात्र बोटं ‘एकट्याने’ वर थांबली ती थांबलीच.

मी उठून कप्तानांच्या टेबलापाशी गेले. “कप्तानसाहेब, एकट्याने म्हणजे अगदी एकट्याने?”

“एकटा म्हणजे एकटाच, बाई. त्यात अगदी काय आणि जरासं काय?”

“मागच्या सीटवर कुणी नाही?”

“कुणी नाही.”

“रेडिओवरून कुणी काही विचारत नाही?”

“आपल्या विमानांना रेडिओ आहे कुठे?”

तिथेच ठरलं. क्लबच्या नोकरांना निम्म्या दरात शिकता येई, असा एक नियम कुणीतरी उदार मनाने करून ठेवला होता. तोवर त्याचा फायदा फक्त रखवालदाराने घेतला होता, आणि पहिल्याच उड्डाणात मागे बसलेल्या कप्तानांच्या अंगावर ओकून तो विषय त्याने संपवला होता.

कप्तानांनी मला नियम समजावले. डॉक्टरांचा दाखला हवा. मग चढणं, वळणं, उतरणं, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे सगळं त्यांच्या मनाजोगतं जमायला हवं. मग लेखी परीक्षा. मग सही. “आणि ती सही तीन महिनेच चालते,” ते म्हणाले. “त्याच एका जातीच्या विमानाला चालते. आणि ज्यानं शिकवलं त्याचीच चालते. दुसऱ्या कुणाची नाही.”

“म्हणजे लग्नापेक्षा कडक,” मी म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं.

घरी मी हे जेवताना सांगितलं. मला वाटलं होतं, बाईमाणूस, विमान, जिवाला धोका अशा अंगाने वाद होईल. त्याची उत्तरं मी बसमध्ये जुळवून ठेवली होती. एकही कामी आलं नाही.

“विमानात माणसं किती बसतात?” सासूबाईंनी विचारलं.

“दोन. एक पुढे, एक मागे.”

“आणि तू एकटी जाणार.”

“हो.”

“म्हणजे मागची जागा रिकामी जाणार.”

“तसा नियम आहे, आई.”

“नियम असेल गं. पण पेट्रोल काय निम्मं जळणार आहे?”

आमच्या घरात दिवा उगाच जळत नसे, नळ उगाच वाहत नसे, आणि आठवणीत तरी एकही खुर्ची रिकामी प्रवास करून आलेली नव्हती. सासूबाईंच्या मनात ती रिकामी जागा जी रुतली ती रुतलीच. आमचे हे वजनमापं खात्यात निरीक्षक. ते घास हातात धरून म्हणाले, “कप्तानांचं वजन किती असेल गं? ते उतरले की तेवढं हलकं होणार विमान. मग एकदम वर उडेल.” ह्यांच्या बोलण्यात नेहमी तथ्य असे, पण कुणीही काही म्हटलं की हे त्याचं वजन विचारत, त्यामुळे तथ्य हरवून जाई.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यातच भेटले. “वहिनी, जागा आहे म्हणे एक. मला जरा बहिणीकडे सोडाल का?”

“अहो पोस्टमास्तर, मी कुठे जात नाहीये. वर जायचं, मैदानाला एक चक्कर मारायची आणि तिथेच उतरायचं.”

“जिथून निघायचं तिथेच?”

“हो.”

“मग जायचं कशाला?”

आता ह्याला काय सांगणार. जिन्यात उभं राहून, एका हातात भाजीची पिशवी घेऊन, ‘मला घटकाभर एकटं असायचंय’ हे वाक्य बोलून बघा. बोलता येत नाही. मी म्हटलं, “कचेरीचं काम आहे.”

डॉक्टरांकडे हे माझ्याबरोबर आले, कारण मी दवाखान्यात एकटी कशी जाणार. तिथे गर्दी होती. मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात कंपाउंडरने पुकारलं, “विमानाचे कोण?” आणि हे उठून आत गेले. ह्यांना वाटलं, नवऱ्याला काही विचारायचं असेल. डॉक्टरांनी ह्यांना जीभ काढायला सांगितली, ह्यांनी काढली. एका पायावर उभं केलं, हे राहिले. रंग ओळखायला लावले, लांबून कुजबुजून आकडे सांगितले, छातीला नळी लावली. सरकारी माणसाचा स्वभाव. कुणी तपासणी करत असेल तर मध्ये बोलायचं नाही. मी परत आले तेव्हा हे सदऱ्याची बटणं लावत बाहेर येत होते, विमान चालवण्यास संपूर्ण लायक ठरून. आमच्या घराण्यातला तो पहिला माणूस. मला डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं. “एका घरातले दोघंही?” असं म्हणून त्यांनी माझे कान तपासले, आणि शेजारच्या खोलीत कंपाउंडर कुणाला काय सांगतोय तेही मी ऐकवल्यावर लगेच दाखला लिहून दिला.

मग शिकणं सुरू झालं. मी बुटकी. पुढच्या सीटवर बसले की मला विमानाच्या नाकाशिवाय काही दिसत नसे. दिवाणावरचा लोड न्यावा लागला. रोज सकाळी मी बसने तो लोड काखेत मारून जायची आणि संध्याकाळी परत आणायची, कारण रात्री पाहुणे आले तर टेकायला हवा. बसचा कंडक्टर रोज विचारायचा, “घर बदलताय का, बाई?” दोनेक आठवड्यांनी त्याने विचारणं सोडलं आणि नुसता दयेने बघू लागला. ते जास्त लागायचं.

कप्तान मागच्या सीटवर. ते शिकवताना बोलत नसत, ‘हं’ म्हणत. विमानात इंजिनाच्या आवाजातही तो ‘हं’ बोलायच्या रबरी नळीतून बरोबर कानात यायचा. बरं चाललंय असा एक ‘हं’, बरं चाललं होतं असा एक ‘हं’, आणि एक आखूड, नाकातून यायचा. तो आला की विमान वळवायची दांडी त्यांच्या हातात गेलेली असे. उतरायला मला फार दिवस लागले. जमीन जवळ आली की मी ती येण्याआधीच उतरल्यासारखं करायची. “बाई,” एकदा ते म्हणाले, “जमीन अजून खाली आहे. तिला येऊ द्या.” सहा महिन्यांतलं त्यांचं ते सगळ्यांत मोठं भाषण.

लेखी परीक्षेची वेगळीच अडचण. क्लबची प्रश्नपत्रिका मीच टाइप केलेली, त्यामुळे ती मला पाठ. कप्तानांना नवे प्रश्न काढावे लागले आणि ते पंधरा दिवस माझ्याशी फुगून बसल्यासारखे वागले. घरी हे रोज जेवताना पुस्तकातून प्रश्न विचारत. माझं डोकं दिवसभराच्या टायपिंगने शिणलेलं. मी अडखळले की उत्तर सासूबाई देत.

“आकाशात समोरासमोर आले, एक विमान आणि एक फुगा. वाट कुणी द्यायची?” हे विचारत.

“विमानानं,” सासूबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणत. “फुग्याला बिचाऱ्याला वळता येत नाही.”

हा नियम त्यांना मनापासून पटला होता. आमच्या अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं की त्या कठड्याला धरून जागच्या जागी उभ्या राहत आणि म्हणत, “मी फुगा.” लोक बाजूला होत. पोस्टमास्तर सुद्धा.

मी पास झाले. एक उत्तर चुकलं होतं. त्याचं बरोबर उत्तर कप्तानांनी माझ्याकडून वदवून घेतलं आणि मगच चिठ्ठीवर सही केली. रविवार ठरला. मी सासूबाईंखेरीज कुणाला बोलले नव्हते, पण सासूबाईंना सांगणं आणि नगाऱ्यावर टिपरी मारणं एकच. रविवारी आख्खी इमारत दोन बस भरून मैदानावर हजर. सतरंज्या, डबे, पोरंबाळं. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी होणार ते बघायला एवढी माणसं जमली होती की शेडच्या मागे जाऊन जरा श्वास घ्यावा म्हटलं तर तिथेही दोघं पत्ते खेळत बसलेले.

वारा आडवा सुटला. कापडी पिशवी बांबूशी काटकोनात उभी. कप्तान म्हणाले, “आज नाही.” लोक जेवले आणि परतले.

पुढच्या रविवारी माझ्या विमानाचं चाक बसलं. नवं चाक परगावाहून यायचं होतं. पोस्टमास्तरांनी शेडमधल्या दुसऱ्या विमानाकडे बोट दाखवलं. “हे काय उभंय की. ह्यातून जाऊ द्या वहिनींना.”

“सही ह्या जातीच्या विमानाची नाही,” कप्तान म्हणाले.

“विमान ते विमान, साहेब.”

“तुमच्या पोस्टात एका कचेरीचा शिक्का दुसऱ्या कचेरीत मारलेला चालायचा का?”

पोस्टमास्तरांचा चेहरा गंभीर झाला. ते दोन पावलं मागे सरले. “कसा चालेल?” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून इमारतीत नियमाच्या बाजूने भांडणारे ते एकटेच. कुणी ‘बाईंना उगाच छळतात’ म्हणालं की ते शिक्क्यावर अर्धा तास बोलत.

चाक यायला इतके दिवस लागले की सहीची मुदत संपली. म्हणजे पुन्हा कप्तान मागे, मी पुढे, लोड खाली, आणि चढणं, वळणं, उतरणं सगळं नव्याने. आता त्यातही घाई होती. कप्तानांची नजर अधू होऊ लागली होती. महिनाअखेर त्यांचा शिकवायचा परवाना संपत होता आणि ते तो पुन्हा काढणार नव्हते. क्लबकडे दुसरा शिक्षक नव्हता, येण्याची चिन्हंही नव्हती. ज्यानं शिकवलं त्याचीच सही. ते गेले की माझं ‘एकट्याने’ गेलंच. ही गोष्ट मी घरी कुणाला बोलले नाही. न्हाणीघराच्या दाराआडून सांगण्यासारखी ती नव्हती.

दुसरी सही झाली. पुन्हा रविवार, पुन्हा सतरंज्या. वारा नव्हता, चाक गोल होतं. मी विमानाभोवती फिरून पंख, चाकं, पेट्रोल बघितलं. एकट्याने जाताना आणखी एक काम असतं: मागच्या रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधायचा. मागेही एक दांडी असते, ती पुढच्या दांडीला जोडलेली. सैल पट्टा तिच्यात गुंतला तर पुढच्या माणसाची दांडी हलायची नाही. मी पट्टा बांधला. तेवढ्यात ह्यांनी हाक मारली, त्यांना लोडाचं वजन हवं होतं. मी गेले, सांगितलं, आले, आणि सरळ पुढे चढून बसले.

इंजिन सुरू झालं. मी दांडी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुढे ढकलली, मग पोटाशी ओढली. निम्म्यावर येऊन ती ठक्‌ करून थांबली. पुन्हा ओढली. ठक्‌. कडेला सगळी इमारत हात हलवत उभी. मी इंजिन बंद केलं आणि हात वर केला.

कप्तान आले, मागे वाकले, आणि एकेक वस्तू बाहेर काढून पंखावर मांडू लागले. चहाचा थर्मास. माझा स्वेटर. बिस्किटांचा डबा. छत्री. सगळ्यांवरून पट्टा पुन्हा व्यवस्थित बांधलेला होता, गाठ मारून. ती गाठ मी ओळखली. आमच्या घरातली सगळी बोचकी त्याच गाठीने बांधली जात.

पोस्टमास्तर नुसते मान हलवत होते, शिक्का चुकल्यासारखे.

“चढायच्या आधी मागे बघितलंत?” कप्तानांनी विचारलं.

“पट्टा मी बांधला होता.”

“चढायच्या आधी बघितलंत का?”

“नाही.”

“दांडी अडकली म्हणून तुम्हाला कळलं, बाई. न अडकता कळायला हवं होतं.” त्यांनी वही मागितली, पंखावर ठेवली, आणि सहीवर आडवी रेघ मारली. मग स्वेटर माझ्या हातात दिला. बाकीचं सासूबाईंनी येऊन गोळा केलं. परतीच्या बसमध्ये मला खिडकी दिली गेली, आणि पूर्ण रस्ताभर कुणीही मला काहीही विचारलं नाही. एकटेपण म्हणतात ते हेच असेल तर नको, असं वाटण्याइतकं.

रात्री भांडी आवरताना सासूबाई माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “मागं कुणीच नाही, हे मला बघवेना. म्हटलं, माणूस नाही तर नाही, थर्मास तरी असू दे.”

मला राग आला होता, आणि त्या बाईवर तो काढता येत नव्हता. तसा राग फार दिवस टिकतो.

मंगळवारी माझी सुट्टी होती. मी मुलींना शाळेत सोडून आले तर घराला कुलूप. किल्ली पोस्टमास्तरांकडे. “तुमच्या सासूबाई बाहेर गेल्यात.” बाहेर म्हणजे? सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानातही माझ्याशिवाय किंवा ह्यांच्याशिवाय जात नसत. दुपार कलली. ह्यांना कचेरीतून बोलावून घेतलं. हे पोलीसचौकीत जायला निघाले. तिथे उंची आणि वजन सांगावं लागेल म्हणून अंदाज बांधत होते. दिवेलागणीच्या सुमारास सासूबाई जिना चढून आल्या, पाय धुतले, आणि म्हणाल्या, “बस चुकीची मिळाली. पण चांगली होती. खूप गाव बघून झालं.” कुठे गेल्या होत्या ते काही सांगेनात.

ते मला दुसऱ्या दिवशी कप्तानांकडून कळलं. त्या एकट्या क्लबवर गेल्या होत्या. कप्तानांसमोर खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं, “चूक माझी आहे, तर रेघ माझ्यावर मारा. तिच्या सहीवर का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“नियम सांगितला. चूक कुणाची हे ठरवायला सही नसते. वर गेल्यावर दुसऱ्याची चूकही तिलाच सापडली पाहिजे, म्हणून असते.” कप्तानांनी चहाचा घोट घेतला. “त्यांना पटलं. मग म्हणाल्या, दिवस हिलाही आधी सांगू नका. पुढच्या वेळी आम्ही कुणी येणार नाही, आणि तो दिवस आम्हाला कळवूही नका.”

पुढचे दिवस आम्ही रोज सकाळी उडत होतो. महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला, उडाला. मी विचारत नव्हते, कप्तान सांगत नव्हते. शेवटून दुसऱ्या दिवशी मी बऱ्यापैकी उतरले आणि विमान शेडकडे वळवू लागले तर मागून आवाज आला, “इथेच थांबवा.” कप्तान खाली उतरले. वही मागितली. पंखावर ठेवून लिहू लागले तर पेन उमटेना. ते झटकलं, फुंकलं, शेवटी माझ्या अंबाड्यात खोचलेली कचेरीची पेन्सिल दिसली. तिच्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं की मी ती लपवली. सही शाईचीच. अखेर पेन चाललं. चिठ्ठी टाइप केलेली नव्हती. सगळा मजकूर त्यांनी हाताने लिहिला. ‘उड्डाण’ शब्दात चूक होती. मी दुरुस्त केली नाही.

“एक चक्कर,” ते म्हणाले, आणि चालू लागले.

मी खाली उतरले. मागे गेले. पट्टा आवळला, ओढून बघितला, हात सीटखाली घातला, कोपऱ्यात घातला, पुन्हा पट्टा ओढला. काही नव्हतं. चढायच्या आधी पुन्हा एकदा बघितलं. मैदानात गवत कापणारा एक माणूस होता, तोही पाठमोरा.

ह्यांचं खरं निघालं. विमान गोळी सुटावी तसं वर गेलं. मी सवयीने मोठ्याने म्हटलं, “वेग बरोबर, इंजिन बरोबर,” आणि मागून ‘हं’ आला नाही. मी थांबले त्यासाठी. आलाच नाही. इंजिन, वारा, आणि मी.

त्या मिनिटांबद्दल मुलींनी पुढे पुष्कळदा विचारलं. आई, काय वाटलं गं. मला वाटलं होतं काहीतरी मोठा विचार सुचेल. आयुष्याबद्दल वगैरे. सुचला नाही. वळताना खाली आमची इमारत दिसली, गच्चीवर आमच्याच दोन चादरी वाळत होत्या, आणि माझ्या मनात आलं की ह्या क्षणी मोजा कुठे आहे हे पृथ्वीतलावर कुणीही मला विचारू शकत नाही. मी हसायला लागले. एकटीच, मोठ्याने, घसा दुखेपर्यंत. मग हसूही थांबलं आणि काहीच उरलं नाही, नुसतं स्वच्छ आकाश आणि माझा हात दांडीवर. ते किती वेळ होतं मला माहीत नाही. थोडाच. पण ते पुरलं, अजून पुरतंय.

उतरताना जमीन येईपर्यंत मी थांबले. आली, तर विमान हलकं, ते उसळून पुन्हा वर गेलं आणि मग नीट बसलं. कप्तान गवतातून चालत आले.

“दोनदा उतरलात,” ते म्हणाले. “मी एकदाच लिहितो.”

संध्याकाळी लोड घेऊन घरी गेले. सासूबाई भाजी निवडत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलंच असणार.

“मागं कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“पट्टा?”

“बांधला होता. दोनदा बघितला.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि निम्मी भाजी माझ्या पुढ्यात सरकवली.

तीन महिन्यांनी त्या सहीचीही मुदत संपली. कप्तान तोवर गेलेले. समुद्रकाठी भावाकडे राहिले, तिथून वर्षाला एक पत्र यायचं, त्यात हवामान असायचं आणि खाली सही. ती सही कशी येते ह्यावरून मला त्यांच्या डोळ्यांची हालत कळे. शेवटचं पत्र भावाने लिहिलं. क्लब बंद पडला, शेड कुणीतरी गोदामासाठी घेतली. माझं विमान एका बागेत खांबावर चढवलंय म्हणे, मुलं त्याच्या खाली घसरगुंडी खेळतात. मी बघायला गेले नाही. पोस्टमास्तर बहिणीकडे गाडीनेच गेले आणि तिथलेच झाले. आमचे हे निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत की घरात विमान चालवायचा दाखला आधी त्यांना मिळालाय. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनाही सांगितलं, जीभ काढून दाखवत. मुलींपैकी थोरली दूर देशी, धाकटी दूर गावी. दोघींनाही विमानात झोप लागते, हे मला समजत नाही.

सासूबाई खूप जगल्या. शेवटी दवाखान्यात होत्या, माणसं ओळखण्याच्या पलीकडे. ह्यांना भाऊ म्हणत, मला कधी नर्स, कधी जाऊ. एका संध्याकाळी मी कपडे आणायला घरी निघाले, तर नर्स म्हणाली, “अंधार पडलाय, बाई, बरोबर कुणी नाही का?” मी काही म्हणायच्या आत खाटेवरून आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

“जाऊ दे तिला. ती एकटी जाते, आणि परत येते.”